पाठमोरी

"पुन्हा एकदा सांग बघू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

खिडकीजवळची मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. त्यांच्यापैकी कुणीच काही बोललं नव्हतं. उत्तर दिलं होतं दारापाशी बसलेल्या मुलाने, आणि तो आता अर्धवट उठून उभा राहिला होता. वर्गात खसखस पिकली. बाईंना ती दिसली. ऐकू आली नाही.

"बरं, मीच सांगते," असं म्हणून त्या घाईघाईने फळ्याकडे वळल्या. नवा फळा बोट लावलं की उजळायचा. घाईत बोट जरा बाजूला पडलं आणि भलतंच चित्र उघडलं. तेही मुलांना गमतीचं वाटलं असणार.

लांब सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा हा वर्ग असा नवा होऊन समोर आला होता. एकामागे एक लावलेले, शाईने आणि कर्कटकाच्या टोकाने गिरगटलेले जुने बाक गेले होते. त्यांच्या जागी गोल टेबलं आली होती, चाकांच्या खुर्च्या आल्या होत्या, पायाखाली मऊ जाजम आलं होतं. बाईंना हा वर्ग मनापासून आवडला होता. किंबहुना तो व्हावा म्हणून सगळ्यात जास्त त्याच भांडल्या होत्या. "आमच्या पोरांनी वर्षानुवर्षं पुढच्याच्या मानेकडे बघत शिक्षण घेतलं," असं त्या शाळेच्या सभेत म्हणाल्या होत्या. "आता त्यांना एकमेकांचे चेहरे दिसू देत." टाळ्या पडल्या होत्या. नंतर मोठ्या बाईंनी एकेका शिक्षिकेला बोलावून विचारलं होतं, "ताई, तुम्हाला काही वेगळं हवंय का वर्गात? माईकसुद्धा बसवता येईल."

"मला कशाला माईक? माझा आवाज मैदानापलीकडे जातो," बाई हसून म्हणाल्या होत्या. कानांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं नव्हतं.

खरं तर तोवर त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं. जुन्या वर्गात सगळे चेहरे त्यांच्याकडे असायचे. त्या चेहऱ्यांवरून, ओठांवरून त्या इतकी वर्षं अर्धंअधिक ऐकत आल्या होत्या, हे बाक गेले तेव्हा कळलं. चेहरे त्यांनी मुलांना देऊन टाकले होते आणि स्वतःकडे पाठी घेतल्या होत्या.

त्या फळ्याकडून परत वळल्या तर भिंगरी खुर्चीसकट मागे फिरलेली. शेजारच्या टेबलावरच्या मुलांशी ती काहीतरी भरभर बोलत होती. भिंगरी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पहिल्याच आठवड्यात ती चाकाच्या खुर्चीत अशी काही गोल फिरली होती, की बाई म्हणाल्या होत्या, "ही मुलगी आहे की भिंगरी?" आणि तिलाही ते नाव मिरवायला आवडलं होतं. आज मात्र बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. मघाची खसखस अजून त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"काय चाललंय गं? उभी राहा."

भिंगरी उभी राहिली.

"माझ्या पाठीमागे काय बोलत होतीस? आम्हालाही कळू दे की. आम्हीही हसू जरा."

भिंगरीने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा वर्गाकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"आता का दातखीळ बसली? गप्प बसलीस म्हणजे चूक कबूल, असंच समजायचं ना मी?"

बाईंनी तिची खुर्ची स्वतःच्या हाताने ढकलत भिंतीशी नेली आणि भिंतीकडे तोंड करून तिला बसवलं. उद्या पाहुणे नवा वर्ग बघायला येणार होते. 'बी कसं रुजतं' हे त्यांच्यासमोर भिंगरी सांगणार होती. ते काम तिच्याकडून काढून बाईंनी तिच्याच टेबलावरच्या एका जाड चष्मेवाल्या मुलीला दिलं.

"आणि पुन्हा वळलेली दिसलीस तर बघ. संध्याकाळी घरच्यांना भेटायला सांग."

तास संपेपर्यंत ती वळली नाही.

संध्याकाळी तिचे आजोबा आले. छापखान्यात आयुष्य गेलेला माणूस; बोटांच्या पेरांत अजून काळं साचलेलं. खुर्ची ओढून ते बरोबर बाईंच्या समोर बसले, शेजारी नाही, आणि त्यांच्या ओठांवर नजर रोवून म्हणाले, "बोला बाई. सावकाश बोला. हे मशीन आहे कानात, पण त्याला माणसांपेक्षा पंख्याचं बोलणं जास्त आवडतं."

बाईंना हसू आलं. का कोण जाणे, दिवसभरात पहिल्यांदा त्यांना समोरच्याचा शब्द न् शब्द कळत होता.

"तुमची नात वर्गात फार वळते, आजोबा. शेजारच्या टेबलांशी बोलत राहते. आज विचारलं तर उत्तरही देईना."

"मलाही देत नव्हती. तिच्या आजीने काढून घेतलं." आजोबांनी दाराकडे पाहिलं. भिंगरी बाहेर पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती, पुन्हा बांधत होती. "ती पोरांना सांगत होती, बाईंकडे तोंड करून बोला."

आपण ओठ चुकीचे वाचले असं बाईंना वाटलं. "काय सांगत होती?"

"बाईंकडे तोंड करून बोला. आमच्या घरचा नियम आहे तो. माझ्याशी कुणी पाठ करून बोललं की आजी ओरडते. ही पोर म्हणते, आमच्या बाईंचंही आजोबांसारखंच आहे. मी म्हटलं, अगं, मग त्यांनी विचारलं तेव्हा सांगायचंस तसं. तर म्हणते, सगळ्यांसमोर कसं सांगू?"

पंखा फिरत होता. बाईंनी टेबलावरची पट्टी उचलली, सरळ केली, परत ठेवली.

"मला चांगलं ऐकू येतं, आजोबा," त्या म्हणाल्या.

आजोबांनी मान हलवली. "हो ना. मीही बरीच वर्षं तसंच म्हणायचो."

मग त्यांनी विषय बदलला. चूक असेल तर शिक्षा जरूर करा, म्हणाले. आम्ही काही लाडावून ठेवलेली नाही. "फक्त ते उद्याचं बघा जमलं तर. आठवडाभर माझ्यासमोर उभं राहून पाठ केलंय तिने. माझं निम्मं ऐकायचं राहिलं, पण तिचं पाठ झालं."

"उद्यासाठी दुसरी मुलगी ठरली आहे," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच कोरडा वाटला.

आजोबा उठले, नमस्कार केला आणि गेले. दारातून बाईंना दिसलं, भिंगरी उडी मारून त्यांच्या पुढ्यात आली, मान वर केली आणि अख्खं तोंड उघडून काहीतरी सांगू लागली. आजोबा वाकून बघत होते. बाई इतक्या लांबूनही वाचू शकल्या. 'बाई रागावल्या का?'

घरी मुलाचा फोन आला. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून "हो, हो" म्हणत राहिल्या.

"आई, मी काय विचारलं?"

"अरे, इथे कुकर लागलाय, त्यात कळत नाहीये."

कुकर लागलेला नव्हता. फोन ठेवल्यावर त्या तशाच ओट्याला टेकून राहिल्या. गेल्या वर्षी हात कापू लागलेल्या एका शिक्षिकेला साहित्याच्या खोलीत बसवलं होतं. सगळे तिच्याशी फार गोड बोलायचे. मुलं नसलेल्या खोलीत ती खडूंच्या पेट्या लावायची, परत काढायची. बाईंना त्या खोलीची भीती वाटत होती. पण आज त्यांच्या डोळ्यांसमोर येत होती ती भिंत, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली एक पाठ. पोरीकडे एक वाक्य होतं. ते उच्चारलं असतं तर ती सुटली असती आणि बाई अडकल्या असत्या. तिने ते गिळलं. आणि आपण साठीला टेकलेली बाई, तिच्या आजोबांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो.

सकाळी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

"भिंगरीला परत तिच्या टेबलावर घेते आहे. बोलेलही तीच."

"शिक्षा माफ का, ताई? एका रात्रीत विरघळलात?"

"शिक्षाच चुकली."

मोठ्या बाईंनी मान वर करून पाहिलं. बाईंनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिपाई सांगत आला, पाहुणे फाटकाशी आलेत. मोठ्या बाई पदर सारखा करत उठल्या आणि पुढचं राहून गेलं.

भिंगरी आपल्या टेबलावर येऊन बसली. तिची नेहमीची खुर्ची फळ्याकडे पाठ असलेली, आजही तीच. जाड चष्मेवाली तिच्या समोर होती. काल मिळालेलं काम हातून गेलं म्हणून ती जराशी हिरमुसली होती, पण बरीचशी सुटल्यासारखी. पाहुणे मागच्या भिंतीशी ओळीने बसले. त्यांच्यातल्या एका बाईंनी खुर्चीचं चाक हळूच फिरवून पाहिलं.

तास सुरू झाला. बाईंनी विचारलं, बी पेरलं की आधी काय होतं? कुठूनतरी उत्तर आलं. ते आलं एवढं नक्की, कारण पाहुण्यांच्या माना हलल्या आणि सगळे बाईंकडे बघू लागले. 'छान' हा शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता. शाळा उघडल्यापासून असे कितीतरी 'छान' त्यांनी न ऐकलेल्या उत्तरांना दिले होते. बरोबरला दिले होते, चुकीलाही दिले असतील.

"थांबा," त्या म्हणाल्या. "कोण बोललं ते मला कळलं नाही. काय बोललं तेही नाही."

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून बोललात तरच कळतं. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." त्यांनी टेबलाची कड धरली. "काल भिंगरी तुम्हाला हेच सांगत होती, आणि मी तिला भिंतीशी बसवलं. चूक तिची नव्हती. माझी होती."

मागे मोठ्या बाई शेजारच्या पाहुण्यांकडे झुकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. त्यांचं तोंड पलीकडे होतं. काय म्हणाल्या ते बाईंना कळायला मार्ग नव्हता. जे असेल ते नंतर कळेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि नजर मुलांकडे आणली.

एक खुर्ची फिरली. मग दुसरी. दारापाशी, खिडकीपाशी, मधल्या टेबलांवर पाठी वळत गेल्या आणि एकेक करत चेहरे त्यांच्याकडे आले. कित्येक दिवसांत त्यांनी इतके चेहरे एकदम पाहिले नव्हते. कुणी संकोचलेलं, कुणी आ वासलेलं, एकजण तर आताच काहीतरी सांगायला ओठ हलवून बघत होता.

एकच पाठ राहिली होती. दोन वेण्या, मधे सरळ भांग, ताठ धरलेली मान.

"सांग बाळा," बाई म्हणाल्या. "बी रुजायला काय काय लागतं?"

भिंगरी हलली नाही. फक्त तिचे खांदे किंचित वर गेले आणि खाली आले. ती काहीतरी बोलली असावी, कारण तिच्या टेबलावरची मुलं आधी तिच्याकडे आणि मग बाईंकडे बघू लागली. बाई एक पाऊल पुढे झाल्या. तरी त्यांना त्या वेण्याच दिसत होत्या.

समोरची जाड चष्मेवाली उठून उभी राहिली. तिने बाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करून, सावकाश, तोंड मोठं उघडून सांगितलं,

"बाई, ती विचारतेय, वळू का?"