टाकीतला मुंजा

मारुतीच्या पारापाशी व्हॅन बंद पडली होती आणि तिच्याभोवती अख्खी वरखेडी जमली होती. भुजंगनाथ महाराजांनी टाकीवरून लिंबू ओवाळलं, झाकणावरचं शेंदरी मेण नखानं खरवडलं आणि डोळे मिटून झाकण फिरवलं. आतून 'फुस्स' असा आवाज आला. पुढची रांग दोन पावलं मागे सरली.

"गेला मुंजा!" महाराज गरजले. टाकीत तीर्थाचा एक थेंब पडला. "मार सेल्फ!"

ड्रायव्हर गोवर्धननं चावी फिरवली. दोन-चारदा घरघरून गाडी चालू झाली. जयजयकार झाला.

महाराजांच्या मते पिंपळावरचा मुंजा टाकीत येऊन पेट्रोल पीत होता. सोडमुंजीआधी मेलेल्या बटूला हे व्यसन कुठून लागलं, ते कोणी विचारलं नाही. तो परत शिरू नये म्हणून महाराज झाकणाला लाल फडकं गुंडाळून वरून शेंदूर कालवलेलं मेण ओतत. तरी दहा-बारा मैलांवर तो शिरायचाच. मग प्रत्येक फेरीला महाराजांना सोबत न्यावं लागे. ते पुढच्या सीटवर, पेशंट मागे.

उपकेंद्रातली नर्स मैना हे ओट्यावरून पाहायची आणि चरफडायची. त्या वर्षी कपाशी अळीनं खाल्ली होती, उरलेली पावसानं. गावाला कशावर तरी विश्वास टाकायचा होता, हे तिला कळत होतं. पण दवाखान्यात न्यायला ही एकच गाडी होती, आणि गाडीतलं मैनाला ओ की ठो कळत नव्हतं.

एका मंगळवारी भरदुपारी भागीरथाबाईंच्या सुनेला, सत्यवतीला, नववा लागताच रक्त जायला लागलं. अमरावतीला नेणं भाग होतं. महाराज अकोल्याला जुन्या शहरात भक्ताकडे जेवायला गेले होते.

"महाराज सांजेलोक येतेत, सिस्टरबाई. थांबा जराक," भागीरथाबाई म्हणाल्या.

"आजी, रक्त सांजेलोक थांबते काय? गोवर्धनभाऊ, काढ गाडी!"

मैनानं सलाईनची काचेची बाटली व्हॅनच्या हुकाला बँडेजनं उलटी बांधली आणि निघाली. बारा मैलांवर, आजूबाजूला काळ्या रानाशिवाय काही नाही अशा ठिकाणी, गाडीनं दोन गचके दिले आणि गप्प झाली. गोवर्धन उतरून हात जोडून उभा राहिला. भागीरथाबाई रडायला लागल्या.

मैनानं वर पाहिलं. सलाईनही थांबलं होतं. घाईत हवेची सुई खोचायची राहिली होती! स्वतःला शिव्या घालत तिनं बाटलीच्या रबरी बुचात दुसरी सुई खुपसली. आत बुडबुडे चढले, थेंब पडायला लागले. ती त्या बुडबुड्यांकडे बघतच राहिली.

"भाऊ, महाराज गाडीले नेमकं काय करते?"

"लिंबू ओवाळते. मंग झाकण उघडते."

"अन् फुस्स वाजते. फुस्स करून हवा भाईर येते का आत जाते?"

"मले काय मालूम? आमी तं मांगं सरकतो ना!"

मैना उतरली. मेण फोडून तिनं झाकण फिरवलं. 'फुस्स' झालं, आणि तोंडाजवळ लोंबणारी फडक्याची चिंधी आत ओढली गेली. हवा आत जात होती. झाकणाला बारीक छिद्र होतं, मेणानं गच्च बुजलेलं. तिनं ते जाड सुईनं कोरून मोकळं केलं.

"मार सेल्फ," ती म्हणाली. थोडं घरघरून गाडी चालू झाली, ती अमरावतीच्या दवाखान्याच्या दारातच थांबली. तासाभरात सत्यवतीला मुलगी झाली.

तिसऱ्या दिवशी महाराजांनी पारावर जाहीर केलं, की गाडी त्यांच्याच आशीर्वादानं पोहोचली. मैनानं वाद घातला नाही. तिच्या सांगण्यावरून गोवर्धननं झाकण मेणानं बुजवलं, गाडी फिरवत ठेवली आणि बंद पडता पडता पारापाशी आणली.

"करा चालू, महाराज. लिंबू ओवाळा, मंत्र म्हणा. फक्त झाकणाले हात लावू नका," मैना म्हणाली.

पाच लिंबं झाली. घाम आला. मुंजा हलेना. "बाळंतिणीचा विटाळ झाला गाडीले," महाराज शेवटी म्हणाले.

मैनानं झाकण उघडलं आणि गोवर्धननं सेल्फ मारला. गाडी चालू झाली. मग तिनं सलाईनची बाटली उलटी धरून सगळ्यांना दाखवलं. "पेट्रोल जाते तितकी हवा टाकीत यावी लागते. छेद बुजला का पेट्रोल अडते. बुजवणारे बी हेच अन् उघडणारे बी हेच." महाराज संन्यासाआधी ट्रकवर क्लीनर होते, हे नंतर कळलं. तोवर ते गाव सोडून गेले होते.

भागीरथाबाई पुढे आल्या.

"डाक्टरीन म्हने, घंटाभर उशीर झाला असता तं माय बी गेली असती, लेक बी. अन् मी म्हनत होती, सांजेलोक थांबा. माह्या तोंडानं म्हनत होती!" त्या गर्दीकडे वळल्या. "बाप्पा हो, गाडी बंद पडली तं मिस्त्रीले दाखवा. मानूस पडला तं डाक्टरले दाखवा. कोनाच्याच फुस्सची वाट पाहू नका."