वीतभर कमी पडलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. शाळेत रेघा मारायची ती नव्हे. आमच्या तळ्यात माणसांची ने-आण करणारी एक फायबरची बोट आहे. तिच्या कडेने कमरपट्ट्यासारखी बसवलेली जाड, काळी रबरी पट्टी म्हणजे मी. बोट धक्क्याला टेकते तेव्हा आधी मी टेकते. मार खाणे हाच माझा धंदा, आणि तो मी वीस वर्षे इमानेइतबारे केला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्राच्या तोंडातून मी गरम गरम बाहेर पडले, हौदातल्या पाण्यात गार झाले आणि वेटोळे होऊन बोटीच्या कारखान्यात आले. तिथे मला कळले की फायबरची बोट दोन भागांची असते. खालचा भाग डब्यासारखा आणि वरचा झाकणासारखा. दोन्ही जिथे मिळतात तो सांधा बोटीच्या कडेने सगळीकडे फिरतो. मला त्या सांध्यावर बसवून हातभर अंतराने स्क्रू मारले. तेव्हापासून मी धक्के खाते आणि सांधाही झाकते.

आमची मालकीण नावाडीण आहे. आईच्या मागे तिने ही फेरी चालू ठेवली. पलीकडच्या काठावर ना दवाखाना, ना मोठी शाळा. त्यामुळे सकाळी मुले, मग सिस्टरबाई, मग गुडघे धरून बसणाऱ्या आज्या, असा आमचा दिवस जातो. नावाडीण वाऱ्यातही बोट अशी धक्क्याला लावते की मला नुसती चाहूल लागते. तिच्या हाताखाली काम करायला मिळाले, याचा मला अभिमान आहे. एकदा उतरताना सिस्टरबाई माझ्यावर हात टेकून म्हणाल्या, "ही पट्टी आहे म्हणून बरं बाई, बोट आपटत नाही." ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवले, विचारू नका.

पण वीस वर्षांत कुणाचे सांधे दुखत नाहीत? चार वर्षांपूर्वी माझे काही स्क्रू ढिले झाले. नावाडिणीचा धाकटा भाऊ टायरच्या दुकानात कामाला आहे. जगातली सगळी दुखणी घट्ट आवळले की बरी होतात, यावर त्याचा ठाम विश्वास. बहिणीवर जीवही तेवढाच. त्याने सुट्टी काढली, मला उतरवले, बोटीला पाय लावून खेचले आणि तसेच ताणून पुन्हा बसवले. ताणल्यामुळे माझे टोक वीतभर पुढे गेले. जास्तीचे दिसले म्हणून त्याने ते कापून टाकले.

मी हळूहळू पुन्हा मूळ लांबीवर येऊ लागले. रबराचा स्वभावच तो. मागच्या कोपऱ्यात फट पडली आणि मागे सरताना मी स्क्रूही हलवले. मग भावाने जाड स्क्रू मारले. ते हलले तेव्हा आणखी जाड. तेही डगमगू लागले तेव्हा भोकांत काडेपेटीच्या काड्या कोंबल्या. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असला प्रकार.

बोटीत पाणी दिसू लागले. नावाडीण प्रत्येक फेरीनंतर डब्याने पाणी उपसायची. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला बजावले, "पुढच्या वेळी आत पाणी दिसलं तर माणसं बसवायची परवानगी बंद." आता पुढची तपासणी शुक्रवारवर आली होती.

भाऊ म्हणाला, "ताई, तळच गेलाय. बोट म्हातारी झाली, काढून टाक." एकाने तर माती भरून बागेत झाडे लावायला बोट मागितलीही. नावाडीण त्या दिवशी रिकाम्या बोटीत एकटीच बसून राहिली. मलाही फार वाईट वाटले. तळ्याच्या बोटीने झाडे कसली सांभाळायची?

सोमवारी तिने भावाला सोबत घेऊन बोट थांबाकाकांच्या शेडमध्ये नेली. काका बोटी दुरुस्त करतात. काहीही विचारले की आधी "थांबा जरा" म्हणतात, म्हणून हे नाव. त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली, चष्मा पुसला आणि विचारले, "बोट रिकामी उभी असते तेव्हा पाणी येतं का?"

"नाही येत," नावाडीण म्हणाली. "माणसं बसली की येतं. वारा असला की जास्त."

"मग त्या बिचाऱ्या तळाला कशाला दोष देता? तो तर चोवीस तास पाण्यातच असतो."

त्यांनी नावाडिणीला बॅटरी देऊन बोटीत बसवले. बाहेरून पाइपने तळावर पाणी मारले. आत एक थेंब नाही. मग पाइप वर आणून माझ्या अंगावरून फिरवला. आतून आवाज आला, "काका, इथे, सीटच्या मागे गळतंय." बोट भरली की खाली बसते, लाटा माझ्यापर्यंत पोहोचतात आणि माझ्याच ढिल्या भोकांतून पाणी आत शिरते, हे त्या एका पाइपाने दाखवून दिले. गळती माझ्यापाशी होती, याची मला लाज वाटली. पण काकांचे डोके पाहून मी थक्क झाले.

काकांनी मला हलक्या हाताने उतरवले. भोकांतल्या काड्या चिमट्याने एकेक काढून फळीवर ओळीने मांडल्या. भाऊ चहा आणतो म्हणून जो गेला, तो तासाभराने आला. मग काकांनी प्रत्येक भोक साफ करून त्यात इपॉक्सीचा घट्ट लगदा भरला. बुधवारी त्यांनी कशालाच हात लावला नाही, लगदा दगडासारखा होऊ दिला. गुरुवारी घासून सपाट केले, नवी बारीक भोके पाडली, सांध्यावर पाणी अडवणाऱ्या सीलंटची धार सोडली. मला उन्हात ठेवून मऊ केले आणि बोटीच्या नाकाकडून बसवत मागे आणले. स्क्रू हातानेच पिळले, टेकेपर्यंत, पुढे नाही. इतक्या मायेने मला कुणी कधी हाताळले नव्हते.

शेवटच्या कोपऱ्यात मी वीतभर कमी पडले.

भावाने लगेच माझे टोक धरले, पाय रोवला आणि ओढले. मी पोहोचलेही. "बघा काका, बसते की."

"थांबा जरा. आज बसेल. थोड्या दिवसांनी मागे सरेल आणि स्क्रू हलवेल. मागच्या वेळी तेच झालंय. आपण तुकडा जोडू."

भावाचा हात सुटला. तो माझ्या टोकाकडे बघत राहिला. "म्हणजे ताई, तुझी बोट मीच घालवत होतो."

नावाडीण त्याच्या शेजारी येऊन बसली. "चार वर्षं सुट्ट्या काढून तूच ती चालती ठेवलीस. चुकलास, पण माझ्यासाठी धडपडलास. आता ओढू नकोस, एवढंच."

"पण ठिगळ लावलं तर साहेबांच्या डोळ्यांवर येईल," भाऊ म्हणाला.

"येऊ दे. विचारलं तर सांगेन."

काकांनी मोडीत निघालेल्या बोटीचा एक पांढरा तुकडा शोधून माझ्यापुढे जोडला आणि फट सीलंटने बुजवली. काळ्या पट्टीला पांढरे शेपूट. सुंदर दिसते असे मी म्हणणार नाही.

शुक्रवारी वारा होता. साहेबांनी बारा माणसे बसवून तळ्याला दोन चकरा मारायला लावल्या. लाटा माझ्यावर फुटत होत्या. परत आल्यावर त्यांनी पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवले. नावाडिणीने काही न लपवता सगळे सांगितले. साहेब खाली वाकले. त्यांनी सीटखालची फळी उचलली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ चाचपले. धक्क्यावर भाऊ उभा होता, त्याच्याने तिकडे बघवेना.

साहेबांनी हात बाहेर काढला. बोटांना इपॉक्सी घासल्याची पांढरी भुकटी लागली होती.

"बाई, आत धूळ फार साचलीय. झाडून घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी कागदावर सही केली.

नावाडीण हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. वर्षभर तिने त्या फळीखालून पाणीच उपसले होते. तिथे धूळ असू शकते, हे ती विसरूनच गेली होती.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. तुमच्या घरीही असे कुणीतरी असेल, जे सगळ्यांच्या आधी धक्का खाते आणि तुमच्यापर्यंत पोहोचू देत नाही. ते थकले, ढिले झाले, तर त्याला आणखी आवळू नका, ओढूनताणून पुरवू नका. कधीतरी जवळ बसून हात फिरवून बघा. आपण कमी पडतोय, हे ते आपल्या तोंडाने सांगणार नाही. मीही चार वर्षे सांगितले नव्हते.