वरच्या मजल्यावरची दाढ

तिची दाढ दुखत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कुणाला तिची फुकटची कणव यायला नको. बाईचे सगळे दात शाबूत होते. तरी त्या घरात महिनोन्‌महिने भात मऊ शिजत होता आणि सासूबाई आठवणीने लवंगांची डबी पुढे करत होत्या. दर बुधवारी संध्याकाळी ती पर्स खांद्याला अडकवून निघाली की नवरा मागून म्हणायचा, "एकदाचा काय तो निकाल लाव म्हणावं त्या डॉक्टरला."

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. फ्रेम नाकावर कुठे रुतते, काडी कानामागे कुठे टोचते, हे ती गिऱ्हाईकाच्या नुसत्या तोंडाकडे बघून ओळखायची. काडी गरम करून वाकवावी तर तिनेच. एकदा एका आजोबांच्या नाकावर नवा चष्मा चढवताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आजोबा म्हणाले, "इतका वाईट दिसतो का गं मी?" ती हसली, पण पाणी काही थांबेना. मग ते रोजचंच होऊन बसलं. काच पुसताना, भांडी घासताना, कधी जिन्यात. बरं, कारण म्हणाल तर शोधूनही सापडायचं नाही. नवरा चांगला, सासू खाष्ट नाही, पोर गुणाची. कारण असतं तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. सगळं धड असताना आपण उगाच रडतो, याचीच तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची.

शेवटी दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला एक पत्ता दिला. या बाई माणसाचं मन समजून घेतात, त्यांचं शिक्षणच त्यातलं आहे, माझ्या बहिणीला फार उपयोग झाला, असं म्हणाल्या. ती चार दिवस पत्ता पर्समध्ये घेऊन हिंडली आणि मग गेली. इमारत दुमजली. वर त्या बाईंची खोली, पाटी तळहाताएवढी. खाली दातांचा दवाखाना, आणि त्याच्या दारावर माणसाच्या उंचीचा पांढराशुभ्र दात टांगलेला. पहिल्याच खेपेला ती लाल डोळ्यांनी तिथून बाहेर पडली, तर समोर नवऱ्याच्या वर्कशॉपमधला एकजण. ती घरी पोचण्याआधी बातमी पोचली.

"काय गं, दाताला काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं हो. पण आयतं खोटं कुणी हातावर आणून ठेवलं, तर ते परत करायला छाती लागते. "दाढ," ती म्हणाली, आणि सुटली. निदान तेव्हा तिला तसं वाटलं.

खरं सांगायला काय धाड भरली होती, असं तुम्ही म्हणाल. तर त्याच्या थोडंच आधी नवऱ्याचा मामेभाऊ अशाच कुणा डॉक्टरकडे जायला लागला होता. जेवताना विषय निघाला. नवरा वर्कशॉपमधला सुपरवायझर, दिवसभर यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलायचं, त्यामुळे घरातही त्याचं कुजबुजणं शेजारी ऐकू जायचं. त्याने कानशिलापाशी बोट फिरवलं. "स्क्रू ढिला झालाय त्याचा. आमच्याकडे पाठवा म्हणावं, दोन मिनिटांत आवळून देतो." सासूबाई हसल्या. मुंगी हसली. मुंगी म्हणजे यांची तिसरीतली मुलगी, तिला काय कळणार म्हणा, सगळे हसले म्हणून हसली. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल? ही. ठसका लागेपर्यंत. मग कुठल्या तोंडाने सांगणार होती?

वरच्या खोलीत मात्र तिचा जीव हलका व्हायचा. तिथे कुणी "रडू नकोस" म्हणत नसे. त्या बाईंनी तिला साधंच काहीतरी शिकवलं होतं. रोज एकदा स्वतःला विचारायचं, कशी आहेस, आणि 'बरी आहे' सोडून दुसरं उत्तर शोधायचं. 'थकलेय' चालेल, 'वैतागलेय' चालेल, 'बरी आहे' चालणार नाही. ऐकायला सोपं आहे, करून बघा. हळूहळू तिला झोप लागायला लागली. दुकानातलं रडणं कमी झालं. राहिलेलं सगळं बुधवारी वर जाऊन व्हायचं. "घरी सांगितलंत का?" बाई विचारायच्या. "सांगेन," ती म्हणायची. बाईंनी कधी मागे लागून विचारलं नाही.

बुधवारी ती घरी आली की दार उघडायला मुंगी धावायची. आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे मान वर करून बघत राहायची.

"खूप दुखलं?"

"थोडंसं," ती सांगायची, आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवून आत जायची. त्या पोरीच्या डोक्यात काय शिजतंय, हे विचारायचं तिला एकदाही सुचलं नाही.

एका शनिवारी सकाळी मुंगी उठली ती गाल टम्म फुगवून. अंगात ताप. नवऱ्याने तोंड उघडायला सांगितलं तर दातखिळी बसल्यासारखी गप्प. सासूबाईंनी बाबापुता केलं, तेव्हा कुठे बाहेर आलं, की दुखणं आजकालचं नव्हे. कितीतरी दिवस ती एकाच बाजूने खात होती. आईसाठी ठेवलेल्या डबीतल्या लवंगा चोरून दाढेखाली धरत होती.

"अगं, मग बोलायचं नाही का?" नवरा ओरडला. मुंगीने आजीच्या कुशीत डोकं घातलं.

"चल, तुझ्या डॉक्टरकडे नेऊ," तो बायकोला म्हणाला.

"दुसरीकडे नेऊ या का? तिथे गर्दी फार असते."

"वा गं वा. इतके महिने जातेस, ओळखीचा माणूस सोडून परक्याकडे कशाला?"

सगळी वरात निघाली. त्या दारापाशी पोचले मात्र, तो भला मोठा दात बघून मुंगी पायरीवरच बसली. हाताला धरून ओढली तरी उठेना.

"मला नको इथे. इथून आई रडत येते. इथे खूप दुखवतात."

आपल्या लेकीने तोंड का मिटून घेतलं होतं, ते तिला आत्ता कळलं. पोर आपल्याला बघून ठणका सोसत राहिली, आणि आपण मात्र तिच्यादेखत मऊ भात खात होतो, याची तिला इतकी शरम वाटली, की तिथून पळून जावंसं वाटलं. पण नवऱ्याने मुंगीला उचललं आणि सगळे आत गेले.

डॉक्टर तरुण होते. मुंगीला खुर्चीत बसवल्यावर त्यांनी आईकडे बघून हसत विचारलं, "पहिल्यांदाच येताय ना?"

"पहिल्यांदा?" नवऱ्याचा आवाज बाहेर बाकावर बसलेल्यांपर्यंत गेला. "अहो, बायको माझी दर बुधवारी तुमच्याकडे येते. आणि दर बुधवारी रडत घरी येते. एक दाढ तुम्हाला इतक्या महिन्यांत बरी करता येत नाही? आणि वर तोंडही लक्षात नाही? बघा, पोर कशी घाबरलीय तुम्हाला."

डॉक्टर गोंधळले. सासूबाईही तावात आल्या होत्या. ज्या माणसाने तिला कधी पाहिलंही नव्हतं, त्याला सगळं घर फैलावर घेत होतं, आणि ती भिंतीला टेकून उभी होती.

"बुधवारी संध्याकाळी दुसरे डॉक्टर असतात," ते समजुतीने म्हणाले. "त्यांच्याकडे येत असाल."

बघा, दुसऱ्यांदा कुणीतरी तिच्या हातावर आयतं खोटं ठेवलं. नुसती मान हलवायची होती, बोलायचीही गरज नव्हती. नवरा शांत झाला असता, अब्रू वाचली असती. तिची मान हलायलाही लागली होती. पण खुर्चीत मुंगी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती आणि वरून नुसते डोळे दिसत होते.

"मी इथे कधीच आलेली नाही," ती म्हणाली. "मी वर जाते."

"वर?" सासूबाई म्हणाल्या. "वर कोण आहे?"

"एक बाई आहेत. मनाच्या दुखण्यावर... मला सारखं रडू येतं, आई. त्यांच्याकडे जाऊन बोलते. दाढ वगैरे काही नाही."

डॉक्टर उगाचच हत्यारांचा ट्रे सरळ करत बसले. नवरा मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघू लागला. सासूबाईंनी हळूच विचारलं, "आम्ही काही कमी केलं का गं तुला?"

"नाही, आई."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर वरच्या बाईंकडेही अजून सापडलं नव्हतं. तिने खुर्चीपाशी जाऊन मुंगीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"यांनी मला कधी दुखवलं नाही, मुंगे. माझ्या तोंडात साधं बघितलंसुद्धा नाही. मी खोटं सांगत होते."

"शप्पथ?"

"शप्पथ."

मुंगीने हात खाली घेतले.

डॉक्टरांनी बघितलं, फोटो काढला, पुन्हा बघितलं. दाढ काढावी लागणार होती. "दुधाचीच ना?" सासूबाईंनी आशेने विचारलं. "सगळ्यांना तसंच वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पण ही पक्की आहे, सहाव्या वर्षी येते. आता परत यायची नाही. दुखायला लागल्याबरोबर आणली असतीत, तर भरून वाचली असती." त्यांनी हे अगदी सौम्यपणे सांगितलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

परत येताना, एरवी सगळी गल्ली डोक्यावर घेणारा नवरा मुंगीला खांद्यावर घेऊन पुढे चालत होता. एकदा मागे वळून तो म्हणाला, "त्या दिवशी मी स्क्रूचं बोललो, म्हणून नाही ना सांगितलंस?" ती म्हणाली, "मीही हसलेच होते की." तो पुन्हा चालायला लागला.

घरच्या जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. इमारतीतल्या सगळ्यांसारखी त्यांनाही हिची दाढ तोंडपाठ होती. "अगंबाई, लेकीलाही का?" त्यांनी मुंगीच्या तोंडातला कापूस बघून विचारलं. "तुझ्याच डॉक्टरकडे नेलंस ना? तुला काही गुण आला का पण?"

ती काही बोलायच्या आत मुंगीने बापाच्या खांद्यावरून आईकडे एकदाच पाहिलं. मग कापूस जिभेने बाजूला सारून, बोबड्या पण ठाम आवाजात काकूंना म्हणाली, "हो. आईची दाढ अजून खूप दुखते."

किती सफाईने म्हणाली. नवरा गप्प. सासूबाई कठड्याकडे बघत राहिल्या. सगळं घर तिला झाकायला उभं होतं, आणि त्यात पुढे होती ती एवढीशी पोर, सुजल्या तोंडाची. हिला वाटलं, या जिन्यानेच आपल्याला पोटात घ्यावं.

"नाही हो काकू," ती म्हणाली. "ती मला सांभाळून घेतेय. माझी दाढ दुखत नाही. मला रडू यायचं, कशानेच थांबायचं नाही, म्हणून मी एका बाईंकडे जाते."

मुंगी लाजेने लाल झाली, आणि आईकडे बघायला नको म्हणून तिने बापाच्या मानेत तोंड खुपसलं. दवाखान्यात दाढ काढतानासुद्धा तिने असं तोंड लपवलं नव्हतं.

तेव्हा ही जिन्यातच थांबली. तिने काकूंना पहिल्यापासून सांगायला घेतलं, चष्म्याचे आजोबा, मालकीणबाईंनी दिलेला पत्ता, वरची खोली, सगळं. मुंगीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.