तिची डोकेदुखी

वरची गुंडी लावून झाली आणि खाली एक काज रिकामं उरलं. कप्तानाने आरशात पाहिलं, सगळ्या गुंड्या सोडल्या आणि पुन्हा लावल्या. मग टोपी काखेत धरून तो विमानतळावरच्या ड्यूटीच्या खोलीत शिरला. दुपारचं विमान सुटायला दीड तास होता.

टेबलामागे रोस्टरवाली बाई बसली होती. कोणतं विमान कोणी न्यायचं, हे बारा वर्षं तीच ठरवत आली होती.

"या कॅप्टन. कसे आहात?"

बायको गेल्यापासून चार महिने ती रोज हे विचारायची, हातातलं काम थांबवून. त्याला विचारपूस नकोशी वाटायची. मग तो काहीतरी कुरकुरून विषय संपवायचा. चहा पांचट आहे, पंखा खडखडतो.

"एकदम ठणठणीत," आज तो म्हणाला.

बाईने पेन खाली ठेवून फोन उचलला.

"राखीव कॅप्टनला पाठवा. दुपारच्या विमानासाठी. हो, आत्ताच."

"अहो, हे काय? चांगला धडधाकट उभा आहे की तुमच्यासमोर!"

"झोपलात किती?"

त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"तासभर. काल तिचं कपाट रिकामं केलं. मग डोळाच लागला नाही."

"मग तसंच लिहा." तिने थकव्याचा अर्ज पुढे सरकवला. "तुमच्या पाठीमागे एकशे ऐंशी माणसं बसणार आहेत."

"पण तुम्हाला कळलं कसं? गुंड्या तर बरोबर लावल्यात."

"वहिनींनी शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलातून फोन केला होता. म्हणाल्या, आमचे हे कुरकुरत आले की खुशाल पाठवा. ठणठणीत म्हणाले, तर विमानाच्या शिडीवरसुद्धा चढू देऊ नका. इतकी वर्षं मी घरातच अडवलं, आता तुम्ही बघा."

"घरात? मला तर तिने कधी अडवलं नाही."

बाईने पेन त्याच्यापुढे केलं.

तो खुर्चीत बसला. अर्जावर नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग पेन थांबलं. बायकोचं डोकं फार दुखायचं. नेमकं तो निघायच्या वेळी दुखायचं, आणि तो वैतागून रजा टाकायचा. 'तुझ्या डोक्याला माझाच मुहूर्त बरा सापडतो,' म्हणायचा. ती उशीत तोंड खुपसून पडायची. तिच्या कपाळाला बाम चोळता चोळता तोच शेजारी झोपून जायचा. उठायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात गुणगुणत असायची.

काल कपाटात बामच्या सात बाटल्या निघाल्या होत्या. सगळ्या त्यानेच आणलेल्या.

त्याने अर्ज पुरा करून सही केली, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला आणि उठला. दारापर्यंत गेला, तिथे थांबला.

"बाई."

"बोला."



"या तुमच्या खुर्च्या," तो म्हणाला, "पाठ मोडते बसून."

"सांगते वर," बाई म्हणाली. "जा आता, झोपा."