योर्डिसच्या बरण्या

चांगली वस्तू कुणी टाकून दिली की माझं डोकं फिरतं. नॉरशपिंग शहरातल्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. तळघरातली देवघेवीची खोली अकरा वर्षं मीच सांभाळते. नको ते तिथे ठेवायचं, हवं ते न्यायचं. दारावरचे नियम माझ्याच अक्षरात आहेत. नेलेली वस्तू परत आणायची नाही. तीन आठवडे कुणी नेली नाही तर ती कचऱ्यात. तशी वेळ मी येऊ देत नाही, त्याआधी मीच घरी नेते.

जानेवारीत दुसऱ्या मजल्यावरच्या योर्डिसने आवरायला काढलं. आमच्याकडे म्हातारी माणसं मरणाआधी आपलं घर आपणच रिकामं करतात, मागच्यांच्या डोक्याला ताप नको म्हणून. योर्डिस अठ्ठ्याऐंशीची. दर मंगळवारी कठड्याला धरून खाली यायची आणि एकच वस्तू ठेवून जायची, वर सुतळीने बांधलेली चिठ्ठी. 'कढई. दांडा सैल आहे.' 'लोकरी कोट. डावा खिसा फाटका.' खरं बोलणारी बाई. मी कढई नेली, कोट नेला, चष्मासुद्धा नेला, आणि तो मला अगदी बेतून केल्यासारखा बसला.

फेब्रुवारीत तिने एक रिकामी बरणी ठेवली. झाकण घट्ट, रबर नवं, कुठे टवका नाही. चिठ्ठीवर होतं, 'गुडघेदुखी. थंडीत वाढते.'

म्हातारीला थट्टा सुचतेय, म्हटलं. पण असली बरणी कोण सोडेल? घरी नेऊन गरम पाण्याने धुतली आणि गुरुवारच्या सूपाचे पिवळे वाटाणे भरून ठेवले. आत काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. संध्याकाळी मला खुर्चीतून उठता येईना.

पुढच्या मंगळवारी दुसरी बरणी. 'उजव्या हाताचा कंप.' तीही नेली. तुम्ही म्हणाल, बाई, अक्कल गहाण ठेवली होती का? तर हो, ठेवली होती. बरणी फार चांगली होती.

हात थरथरायला लागला तशी मी तिला गाठायला वर निघाले. योर्डिस जिन्यातच भेटली. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होती, गुणगुणत.

"योर्डिस, तुझ्या बरण्या परत घे."

"का गं? गळक्या निघाल्या?"

"माझा हात बघ."

तिने बघितला, जुनी ओळख असल्यासारखा. "सकाळी जास्त असतो तो. कप अर्धाच भरत जा."

"लाज नाही वाटत तुला?"

"मी लादलं का कुणावर? चिठ्ठी होती, तुला वाचता येतं. आणि परत आणायचं नाही, हा नियम कुणाचा, गुनवोर?"

"मग टाकून द्यायचं होतंस."

"टाकून?" ती खरंच दुखावली. "इतकी वर्षं वापरलंय मी ते. काही वाया घालवू नका, असं तूच सांगत असतेस ना?"

मी कठडा धरून खाली आले.

मार्चमध्ये शेवटची बरणी आली. निळसर काचेची, सगळ्यांत सुंदर. 'विसर. आधी नावं जातात, जवळच्यांची सगळ्यांत आधी.'

तिला मी हात लावला नाही. मला एक मुलगी आहे, दूर उत्तरेला किरुना गावात असते, दर रविवारी फोन करते. तिच्याशिवाय मला जगात कुणी नाही. दुखणं सोसता येतं. पण तिचा फोन यावा आणि ती कोण हेच मला कळू नये, हे नाही सोसवणार. जुनी काच गोळा करायच्या डब्यात टाकावी असंही मनात आलं. पण ती काच वितळवणार, तिच्या हजार बरण्या होणार, आणि त्या घराघरांत जाणार. मग राहू दे तिथेच, म्हटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच एखादी वस्तू कुणी नेऊ नये म्हणून मी रोज खाली जाऊन बघत होते.

विसाव्या दिवशी खाली गेले तर तळमजल्यावरची मोआ तिथे उभी. काखेत सहा महिन्यांची पोर, दुसऱ्या हातात बरणी. चिठ्ठी सुटून जमिनीवर पडली होती.

"किती गोड आहे ना ही? गाजराचा लगदा ठेवायला होईल."

"ठेव ती खाली."

"का? तुला हवी होती का?"

नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पोरगी आईच्या केसांत बोटं अडकवून तिच्याकडे टक लावून बघत होती. मोआ तिला नावाने हाका मारत होती, उगाचच, एकामागून एक, नव्या आया मारतात तशा.

"हो," म्हटलं. "मला हवी आहे."

"तू पण ना, गुनवोर. तुला सगळंच हवं असतं." तिने हसून ती माझ्या हातात दिली.

त्याला पाच आठवडे झाले. योर्डिस आता रोज नदीकाठी फिरायला जाते. मी घाईघाईने हे सगळं लिहून काढलंय, नावं आठवतात तोवर. योर्डिस, मोआ, किरुना, सगळं आलं. मघाशी पानं पुन्हा वाचून पाहिली. माझ्या मुलीचं नाव कुठेच नाही. मी ते मुद्दाम गाळलेलं नाही.

परवा रविवार. फोन वाजेल, ती "आई" म्हणेल आणि मी "बोल बाळा" म्हणेन. बाळा म्हटलं की नाव लागत नाही.