सिंहाची डावी बाजू

मामा कवळ्या बनवत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हींकडे फळ्यांवर दात. पाहुणा पाणी प्यायला आला तरी चार जबडे त्याच्याकडे बघत असत. मामांच्या हातात कला होती यात शंका नाही, पण त्या कलेच्या मानेवर कायम फूटपट्टी ठेवलेली. केसाएवढा फरक दिसला की मेण वितळवायचं आणि दात पुन्हा मांडायचे.

चौथीतली भाची त्यांच्याकडेच राहायची. शाळेच्या नाटकात ती सिंह झाली होती आणि मुखवटा घरून न्यायचा होता. मामा म्हणाले, "मी करतो," आणि तिथेच घोळ झाला. मामींच्या उपड्या कढईवर कागदाचा लगदा थापून त्यांनी पंधरा दिवसांत सहा सिंह केले आणि सहाही मोडले. एकाचा कान सूतभर खाली, दुसऱ्याच्या नाकपुड्या लहानमोठ्या. दात मात्र सहाही वेळा इतके सुरेख, की सिंह निवृत्त मुख्याध्यापकांसारखा दिसे.

"मामा, उद्या शेवटचा दिवस," भाची म्हणाली. "मुखवटा नसेल तर बाई मला झाड करणार. झाडाला वाक्यच नाही. सिंहाला अकरा आहेत आणि मला सगळी पाठ आहेत."

"होईल गं. फक्त डोळे एका रेषेत आले पाहिजेत."

"अहो," मामी म्हणाल्या, "देव सगळ्यांची नाकं मोजत बसला असता, तर आपला नंबर अजून लागलाच नसता." त्यांनी लगद्याच्या गोळ्यावर ओल्या बोटानं मधोमध रेघ ओढली. "डावी बाजू तिची, उजवी तुमची. एकमेकांच्या हद्दीत हात घालायचा नाही."

भाचीची बाजू पाव तासात तयार झाली. डोळा तिरका, गालाला अंगठ्याचा खड्डा, आयाळ झोपेतून उठल्यासारखी. मामा हबकले. पण दोन्ही बाजू सारख्या तर हव्यात, म्हणून त्यांनी दात मोजायचं कॅलिपर काढलं आणि तिचा खड्डा मोजून आपल्या बाजूला तसाच पाडायला बसले. पहिला खोल गेला. दुसरा गोल झाला. तिसरा तर चक्क सुंदर झाला. मामांना घाम फुटला.

"तुझा डोळा तिरका आहे, तसा मला का जमत नाही?"

"तुम्ही करताय ना मामा. माझा झाला."

मग ती खुर्चीवर चढून वाक्यं म्हणू लागली. "मी जंगलाचा राजा आहे," तिनं जाहीर केलं, "पण आज माझं पोट बरं नाही." मामांना हसू फुटलं. पुढचं वाक्य ऐकताना तर ते हलून हलून हसले, आणि हसता हसता त्यांचा हात लगद्यावर आपोआप चालत राहिला. अकरावं वाक्य संपलं तेव्हा उजवी बाजू झाली होती. डावीशी तिचं काडीचं नातं नव्हतं.

मामांचा हात सवयीनं मोडायला पुढे गेला. भाची खुर्चीवरच थांबली होती. तिनं दोन्ही हात झाडाच्या फांद्यांसारखे वर केले.

मामांनी हात मागे घेतला. "बरं, दात तरी मी बसवू?"

"दात तीच बसवेल," मामी म्हणाल्या.

मुखवटा पंख्यासमोर वाळला. सकाळी भाचीनं पिवळा रंग फासला. पिवळा संपला तिथे मामांनी हिरवा लावला आणि कुणालाही त्याचं कारण सांगितलं नाही.

शाळेत बाईंनी मुखवटा बराच वेळ न्याहाळला. "हा हसतोय की चावतोय?"

"या बाजूनं हसतोय, बाई. या बाजूनं चावतोय."

बाईंनी तिला तालमीसाठी स्टेजवर जायला सांगितलं.

संध्याकाळी ती पळतच घरी आली. अकराही वाक्यं झाली होती आणि पोट बरं नसल्याच्या वाक्याला मुलं बाकांवरून घसरली होती. "आणि मामा, बाईंना कोल्हा, अस्वल आणि दोन सशांचेही मुखवटे हवेत. तुमच्याच हातचे. सोमवारपर्यंत."

मामी घाबरून मामांकडे बघू लागल्या. मामांनी बाह्या वर केल्या.

"सोमवार कशाला? जेवायच्या आत ससे तर उरकून टाकू."