हिरव्या काचेवरचं कुंकू

"बाळ जिवंत असेल तर आत्ता इथेच सिझर करते," माधुरी मॅडम म्हणाल्या. "नसेल तर विनाकारण पोट फाडणार नाही. पण मला दिसलं तर पाहिजे ना, गोरक्षनाथ!"

पाथर्डीतल्या त्यांच्या दवाखान्यात टेबलावर माझी बायको धनश्री होती. आठवा महिना. पहाटेपासून बाळाने लाथ मारली नव्हती आणि आता अंगावरून रक्त जायला लागलं होतं. मॅडमनी पोटाला लाकडी नळी लावून तीनदा कान दिला. पोटात पाणी जास्त, त्यामुळे ठोके ऐकू येत नव्हते. म्हणजे बाळ गेलं असंही नाही आणि आहे असंही नाही. बघायला सोनोग्राफीचं मशीन होतं, याच खोलीत, पण त्याचा पडदा सकाळी दहा वाजता टप्पकन आवाज करून काळा पडला होता. नगरला न्यायचं तर दीड तासाचा खड्ड्यांचा रस्ता, आणि एवढं रक्त जात असताना मॅडम त्याला नको म्हणत होत्या.

तो पडदा का गेला, हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. मी टीव्ही मेकॅनिक. महिन्यापूर्वी मॅडमचा स्टॅबिलायझर माझ्याकडे दुरुस्तीला आला, तेव्हा व्होल्टेज चढलं की लाइन तोडणारा आतला रिले मिळेना, म्हणून मी लाइन थेट जोडून दिली. "आठ दिवसांत रिले आणून बसवतो," असं वर ऐटीत सांगितलंही होतं. आठाचे तीस दिवस झाले. डब्यावरचा दिवा छान लागत होता, आत मात्र नुसती वायर. सकाळी व्होल्टेज उसळलं ते सरळ मशीनमध्ये घुसलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मी पडद्याचं मागचं झाकण उघडलं. ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा भाग वितळून काळा झाला होता. तो पुण्यात तरी मिळेल की नाही, शंकाच. पण मशीनचा पंखा फिरत होता, बटणांचे दिवे लागत होते. म्हणजे चित्र आत तयार होत होतं, दाखवायला काच तेवढी नव्हती. आणि मशीनच्या पाठीला ते चित्र बाहेर काढायचा एक गोल सॉकेट होता.

"मग दुसरा टीव्ही लावा की," सिस्टर म्हणाली.

एवढं सोपं असतं तर मी तिथे डोकं धरून बसलो असतो होय? दुकानात तीन टीव्ही होते, तिन्ही जुने, फक्त अँटेनाची वायर घेणारे. मध्ये व्हीसीआर लावला असता तर जमलं असतं, पण मे महिना, आणि माझ्या ओळखीचा एकमेव व्हीसीआर कुठल्याशा लग्नाला गेलेला. चित्र थेट घेणारा पडदा मी गावात एकाच ठिकाणी पाहिला होता, शाळेत.

सात-आठ वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून शाळेला एक कॉम्प्युटर आला होता. शिकवणाऱ्या सरांची बदली झाली आणि कॉम्प्युटर कपाटात गेला. तेव्हापासून तो वर्षातून एकदाच बाहेर यायचा, खंडेनवमीला. हळदकुंकू, अक्षता, फुलं, नारळ आणि परत कुलूप. त्याला कुणी करंट म्हणून दाखवला नव्हता.

मच्छिंद्र शिपायाने खोली उघडली, पण कपाटापुढे आडवा उभा राहिला. "हेडसर गावाला गेल्यात. डेड स्टॉकच्या वहीत नोंद हाय, गोरखभाऊ. काय झालं तर माझी नोकरी जाईल."

"माझं लेकरू जाईल, मच्छिंद्रा."

त्याने कपाटाचं कुलूप काढलं. मग त्यानेच मॉनिटर उचलला आणि माझ्या स्कूटरवर मागे, मांडीवर घेऊन बसला. "पूजेची वस्तू हाय. हळू घ्या," एवढंच म्हणाला. मी काही हळू घेतली नाही.

दवाखान्याच्या दारात आई बसली होती. माझी आई, कडूबाई, आठ महिने एकच धोशा लावून होती, "नातूच पायजे." मॅडमना गुपचूप विचारायला गेली होती आणि चांगली बोलणी खाऊन आली होती. आज तिने माझी बाही धरली आणि फक्त विचारलं, "हलतंय का रं?"

"बघतो," म्हणालो आणि बाही सोडवून घेतली.

मशीनचा सॉकेट फिरवून अडकवायचा, मॉनिटरचा टेपरेकॉर्डरसारखा सरळ पिनेचा. दोघांची गाठ पडायची काही सोय नव्हती. पण लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने दुकानात कॅमेरा टाकला होता, त्याच्या पिशवीत मला अडॅप्टर सापडला होता, एका तोंडाने फिरवून बसणारा, दुसऱ्या तोंडाने साधी पिन घेणारा. त्याला टेपरेकॉर्डरची वायर जोडली. ती मॉनिटरमध्ये खुपसली तर जाईना. बॅटरी मारून पाहिलं. भोकात हळदीने माखलेली तांदळाची कणी घट्ट बसली होती. इतक्या वर्षांच्या अक्षता! सिस्टरकडून सुई घेतली आणि टोकरायला लागलो. सुई दोनदा हातातून पडली.

"अहो, व्हतंय का?" धनश्रीने मागून विचारलं. तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"होतंय, होतंय." मला मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं.

कणी निघाली. पिन बसली. बटण दाबलं तसा जळक्या धुळीचा वास आला, बारीक शिट्टी वाजली आणि काच हळूहळू हिरवी झाली. मध्यभागी एक काळा ठिपका दिसला. मी वाकून पाहिलं. मग कळलं, ते कुंकू आहे, तेलात कालवून लावलेलं, काचेवर कडक झालेलं बोट. खरवडायला वेळ नव्हता.

मॅडमनी पोटावर यंत्र टेकवलं. चित्र आलं आणि खालून वर धावायला लागलं, एकामागे एक, थांबेचना. वायर जुळली होती, चाल जुळली नव्हती. जपानी मशीन सेकंदाला साठदा चित्र पाठवत होतं, आपला मॉनिटर पन्नासदा घ्यायला शिकलेला. असं धावणारं चित्र थांबवायचा एक नॉब पाठीमागे असतो. तो मी फिरवत गेलो. अगदी शेवटच्या टोकाला चित्र थबकलं, पण नॉब आतून झिजलेला. बोट सोडलं की चित्र घसरे. म्हणून मी मॉनिटरला मिठी मारल्यासारखा उभा राहिलो आणि नॉब दोन बोटांत दाबून धरला.

हिरव्या धुक्यात एक गोल डोकं दिसलं, मण्यांसारखी पाठीची रांग दिसली. माझं मूल मी पहिल्यांदा पाहत होतो आणि ते जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

मॅडम पडद्याला नाक लावून बघत होत्या. "छातीपाशी काहीतरी थरथरतंय," त्या म्हणाल्या. मग यंत्र जरा वर सरकवलं. "पण डोकंही थरथरतंय. सगळंच थरथरतंय. गोरक्षनाथ, हे बाळाचं आहे की तुमच्या हाताचं?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो लटलटत होता. दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात लटलटायला लागले.

"हात काढा," मॅडम म्हणाल्या.

"चित्र पळेल, मॅडम."

"पळू दे. मला तुमचा हात दिसायला नको."

मला हात काढता येईना. वेड्यासारखं वाटत होतं, पण खरंच वाटत होतं की मी सोडलं तर ते बाळ जाईल. आणि तेव्हाच तोंडातून निघून गेलं, "मॅडम, तुमचा स्टॅबिलायझर मी थेट जोडून दिला होता. रिले बसवलाच नाही. मशीन माझ्यामुळे गेलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते नंतर. हात काढा!"

मी बोटं उचलली.

चित्र घसरायला लागलं. डोकं काचेवरून वर गेलं, खालून पुन्हा आलं. कुंकवाचा ठिपका तेवढा जागच्या जागी. सगळं आपलं संथपणे सरकत होतं, आता काहीच थरथरत नव्हतं. मला वाटलं, संपलं. एकदा गेलं, दुसऱ्यांदा गेलं. तिसऱ्यांदा छाती कुंकवाच्या ठिपक्याशेजारून सरकली तेव्हा मला दिसलं. ठिपक्याएवढंच काहीतरी, चित्राबरोबर चाललेलं, उघडत होतं आणि मिटत होतं. उघडत होतं आणि मिटत होतं. माझे दोन्ही हात हवेत होते.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "मंद आहे, पण आहे. सिस्टर, ऑपरेशनची तयारी!"

नंतरचा पाऊण तास मी व्हरांड्यात काढला. मच्छिंद्र मॉनिटर पुन्हा मांडीवर घेऊन बाकावर बसला होता, आई भिंतीला टेकून. आतून भांड्यांचा आवाज यायचा. रडण्याचा आवाज आलाच नाही.

दार उघडलं. सिस्टरच्या हातात पांढऱ्या कापडाची गुंडाळी होती. "बाई शुद्धीवर यायच्यात, पण ठीक आहेत. मुलगी—"

"ते ऱ्हाऊ दे," आई मध्येच म्हणाली. "हलती का, त्ये सांग."

सिस्टरने गुंडाळी माझ्यापुढे केली. "धरा."

मी धरली नाही. हात अजून लटलटत होते. ते मी पाठीमागे घेतले, घट्ट बांधले आणि वाकून नुसता बघत राहिलो. आईही बघत होती, मच्छिंद्रही उठून आला. कापडात काहीच होत नव्हतं.

मग तिने लाथ मारली.